उखीमठ मुक्कामी पाच दिवस: कार्तिकस्वामी, तुंगनाथ, त्रियुगीनारायण

हाताशी आठवडा, त्यातले दोन दिवस रेल्वेत किंवा विमानतळावर जाणार, बरोबर एक-दोन माणसे साठीच्या पुढची, आणि तरीही हिमालयातल्या देवळांचे दर्शन धावपळ न होता व्हावे ही इच्छा. अशा मंडळींना गढवालमधला हा मार्ग बिनदिक्कत सुचवावा असा आहे. ऋषिकेशहून निघायचे, पहिली रात्र कनकचौरीला, पुढच्या तीन उखीमठला, पाचव्या दिवशी परत ऋषिकेश. मोठी देवळे तीन, वाटेवरची चार. गुण द्यायचेच तर देवळांना पैकीच्या पैकी, पायवाटांना पाचपैकी चार, मुक्कामांना तीन आणि रस्त्याला दोन. रस्त्याचे दोनही कोरड्या हंगामातले.

‘एवढ्या लांब जायचे आणि केदारनाथ नाही?’ हा प्रश्न येणारच. केदारनाथाचा हिशेब साधा आहे. ऋषिकेश ते सोनप्रयाग हा पूर्ण दिवसाचा प्रवास. खासगी गाडी तिथेच, गर्दीत त्याच्या अलीकडे सीतापूरलाच, थांबते. पुढचे पाच किलोमीटर गौरीकुंडपर्यंत सामायिक जीप, त्यासाठी रांग. मग सोळा किलोमीटरची चढण, वर मुक्काम, दुसऱ्या दिवशी उतरण आणि चौथ्या दिवशी ऋषिकेश. कागदावर चार दिवसांत बसते, पण एक दिवस पाऊस लागला, वाट बंद झाली किंवा दर्शनाची रांग लांबली की परतीचे तिकीट गेले. हेलिकॉप्टर गुप्तकाशी, फाटा आणि सेरसीहून उडतात. उड्डाण काही मिनिटांचे असले तरी ढग खाली उतरले की फेऱ्या थांबतात, आणि डोंगरातला ढग आपले तिकीट बघून येत नाही. केदारनाथ करायचाच असेल तर त्यासाठी स्वतंत्र सुट्टी काढावी. हाच पाच दिवसांचा वेळ इकडे लावला तर रोज एक दर्शन शांतपणे होते आणि एखादा दिवस पावसात गेला तरी बाकीची सहल शाबूत राहते.

यात देवळांचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक टूरवाले पहिल्याच रात्री थेट तुंगनाथच्या पायथ्याच्या चोपत्याला नेऊन टाकतात, म्हणजे साडेतीनशे-चारशे मीटरवरच्या ऋषिकेशमधून निघालेला माणूस त्याच रात्री २,७०० मीटरच्या आसपास झोपतो आणि दुसऱ्या सकाळी ३,६८० मीटरवरच्या तुंगनाथला धापा टाकत पोचतो. आधी ३,०५० मीटरचा कार्तिकस्वामी, मग १,३०० मीटरवरच्या उखीमठला उतरून झोप, त्यानंतर तुंगनाथ आणि शेवटी पायांना विश्रांती देणारा त्रियुगीनारायण, असा क्रम लावला तर शरीराला उंचीची ओळख टप्प्याटप्प्याने होते. खर्च तोच, दिवसही तेवढेच, पण डोके दुखण्याचे आणि मळमळण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

गाडी आणि पहिला दिवस

मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत, पण त्यांतल्या काही आठवड्यातून मोजकेच दिवस धावतात. वार जुळत नसेल तर दिल्ली गाठून तिथून शताब्दी किंवा वंदे भारतने हरिद्वार. विमानाने डेहराडूनच्या जॉली ग्रँटला उतरलात तर ऋषिकेश तासाभराच्या आत आहे. गाडी ऋषिकेश किंवा हरिद्वारहूनच करावी, दिल्लीहून आणू नये. यात्रेच्या हंगामात भाड्याच्या गाड्यांना उत्तराखंड परिवहन विभागाचे ग्रीन कार्ड लागते. स्थानिक गाडीकडे ते असते, बाहेरच्या गाडीचा तपासणी नाक्यावर अर्धा दिवस मोडू शकतो. त्याहून मोठे कारण म्हणजे ड्रायव्हर. दिल्लीचा ड्रायव्हर महामार्गावर पटाईत असला तरी समोरून बस आली की कुठल्या वळणावर मागे घ्यायचे हे इथल्यालाच कळते.

ठरवताना चार गोष्टी तोंडी न ठेवता मोबाइलवर लिहून घ्याव्यात: पार्किंग आणि टोल कोणाकडे, ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाचे काय, त्रियुगीनारायण व कालीमठ हे भाड्यात धरले आहेत का, आणि दिवसाला किलोमीटरची मर्यादा आहे का. भांडणे होतात ती बहुतेक तिसऱ्या मुद्द्यावर. ‘उखीमठ, चोपता’ एवढेच बोललेले असते आणि चौथ्या दिवशी सकाळी ‘वो तो अलग है’ ऐकावे लागते. चढावर एसी बंद ठेवतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. काच उघडी ठेवली तर गाडी लागण्याचा त्रासही कमी होतो.

ऋषिकेश ते रुद्रप्रयाग १४० किलोमीटर. वाटेत सत्तरएक किलोमीटरवर देवप्रयाग लागतो, जिथे भागीरथी आणि अलकनंदा मिळून पुढे गंगा हे नाव लागते. संगम वरच्या रस्त्यावरूनही स्वच्छ दिसतो. खाली उतरायचे तर एक तास वेगळा काढावा लागतो, म्हणून पहिल्या दिवशी तो मोह टाळलेला बरा. कारण रुद्रप्रयागहून पोखरीच्या रस्त्याने कनकचौरी आणखी अडतीस-चाळीस किलोमीटर आहे. हा रस्ता अरुंद, जंगलातला आणि संध्याकाळनंतर सामसूम असतो. सकाळी सहाला ऋषिकेश सोडले तर जेवणाच्या थांब्यासकट तीन-चारपर्यंत पोचता येते. नऊला न्याहारी करून निघणारे अंधारात पोचतात, आणि डोंगरात रात्रीची वाहतूक बंद ठेवतात तेव्हा तर वाटेतच अडकतात.

कार्तिकस्वामी

कनकचौरी म्हणजे रस्त्याच्या कडेला चार-सहा दुकाने आणि काही साधे होमस्टे. खोल्या स्वच्छ, पांघरुणे जाड, गरम पाणी बादलीने. याहून जास्त अपेक्षा ठेवली तर चिडचिड होईल. जेवण घरचे असते: पोळी, भात, डाळ, एक भाजी. मंडवा म्हणजे आपली नाचणी. आधी सांगितले तर तिची भाकरी मिळते आणि ती आवर्जून मागावी.

देऊळ तीन किलोमीटरवर. वाट रुंद, बांधलेली आणि बुरांस (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन) आणि ओकच्या जंगलातून जाणारी आहे, चढ बेताचा. सवय नसलेल्या माणसाला दीड तास, चालणाऱ्याला तासभर. शेवटी ऐंशीएक पायऱ्या येतात आणि तिथे मात्र जपावे लागते. देऊळ अरुंद कड्याच्या टोकावर आहे, दोन्ही बाजूंना दरी. कठडा आहे, पण वारा सुटला की टोपी, शाल आणि पूजेच्या ताटातले कुंकू यांतले काहीच जागेवर राहत नाही.

सूर्योदयासाठी अंधारात निघायची टूम आहे. दृश्य खरेच तसे आहे: चौखंबा, केदार, त्रिशूळ, नंदाघुंटी एका रांगेत. पण या जंगलात अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत. एकट्या-दुकट्याने पहाटे चारला निघू नये. चार-पाच जण, प्रत्येकाकडे विजेरी, आणि बोलत चालायचे. उजाडल्यावर निघालात तरी शिखरे साडेआठ-नऊपर्यंत सहसा मोकळी असतात, त्यामुळे ज्येष्ठांबरोबर असताना सहाला निघणे हाच शहाणपणाचा बेत.

पृथ्वीप्रदक्षिणेच्या पैजेत गणपतीने आईबापांनाच फेरी घातली आणि रागावलेल्या कार्तिकेयाने आपल्या अस्थी इथे वडिलांना अर्पण केल्या, अशी इथली कथा. आपल्याकडे कार्तिकस्वामीचे दर्शन बायकांनी घेऊ नये, किंवा कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेव्हाच घ्यावे, अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. त्यामुळे कित्येक मराठी गटांतल्या बायका पायऱ्यांखालीच थांबतात. इथे तसे काही नाही. गढवाली बायका रोज येतात, नवसाच्या घंटा बांधतात, पुजारी सगळ्यांना सारखाच टिळा लावतात. एवढे चढून आल्यावर खाली बसून राहू नका.

वर प्रसादाची सामग्री मिळेलच असे नाही, ती कनकचौरीतूनच घ्यावी. पाणीही माणशी एक लिटर खालूनच न्यावे. दहापर्यंत खाली उतरून गाडीत बसलात की दुपारी उखीमठ.

उखीमठचा मुक्काम

तीन रात्री एकाच ठिकाणी ठेवल्याचा फायदा इथे कळतो. रोज सामान बांधायचे नाही, ओले कपडे वाळतात, कोणाला बरे वाटेनासे झाले तर तो एक दिवस खोलीवर थांबू शकतो. गावात बाजार आहे, औषधांची दुकाने आहेत, एटीएम आहे (भरवसा बेताचा, रोख रुद्रप्रयागलाच काढावी). राहायला गढवाल मंडल विकास निगमची विश्रामगृहे या पट्ट्यात आहेत. जागा मोक्याच्या, दर ठरलेले, व्यवस्था मात्र सरकारी: चादर मागावी लागते, गिझरची वेळ विचारावी लागते. आश्रमांच्या धर्मशाळा स्वस्त आणि नीटनेटक्या, पण रात्री लवकर दार लावतात. खासगी हॉटेलांत खोली घेताना मंदाकिनीच्या दरीकडची मागावी. समोरच्या उतारावर गुप्तकाशी दिसते आणि हवा मोकळी असली तर त्यामागे बर्फाची शिखरे.

ओंकारेश्वर मंदिर गावातच आहे आणि इथला मुक्काम सार्थकी लावणारे आहे. केदारनाथ आणि मध्यमहेश्वर या दोन्हींची हिवाळी गादी इथे असते. सहा महिने बर्फात वरची देवळे बंद असताना पूजा इथेच चालते, आणि केदारनाथाचे कपाट, म्हणजे देवळाचे दार, कधी उघडणार हे महाशिवरात्रीला इथेच जाहीर होते. म्हणजे ज्याला केदारनाथ गाठता येत नाही, त्याच्यासाठी नोव्हेंबर ते एप्रिल केदारनाथ इथे खाली आलेला असतो, रांगेशिवाय. रंगवलेले लाकडी नक्षीकाम, मोठे दगडी अंगण, संध्याकाळची आरती. उषा-अनिरुद्धाच्या लग्नाची जागाही इथलीच सांगतात. एक तास पुरे, पण आरतीच्या आधी पंधरा मिनिटे जाऊन बसावे.

तुंगनाथ

पंचकेदारांतला, म्हणजे गढवालमधल्या शिवाच्या पाच देवळांतला, हा तिसरा, शिवाचे बाहू इथे प्रकटले असे मानतात. जगातले सगळ्यात उंचावरचे शिवमंदिर म्हणून सगळीकडे याची जाहिरात होते आणि त्यामुळे गर्दीही तशीच. तरी अजून हे देऊळ आपला साधेपणा राखून आहे. पुजारी मक्कू गावचे मैठाणी ब्राह्मण. केदारनाथसारखे इथे दक्षिणेतून येत नाहीत. हिवाळ्यात देवाची डोली मक्कूमठला उतरते.

वेळापत्रक असे ठेवावे. पहाटे साडेचार-पाचला उखीमठ सोडायचे. चोपता तीस किलोमीटर, सव्वा तास. सहा-साडेसहाला चालायला सुरुवात. वाट साडेतीन-चार किलोमीटरची, पूर्ण फरसबंद, वळणावळणांनी चढणारी. सावकाश चालणाऱ्याला अडीच ते तीन तास लागतात. नऊ-साडेनऊला देवळात. उशीर केला तर चढण तेवढीच राहते, पण दृश्य जाते: मे-जूनमध्ये दहा-अकरानंतर खालून ढग चढू लागतात आणि दुपारनंतर गारांसकट पाऊस येऊ शकतो. चोपता हे केदारनाथ अभयारण्याच्या हद्दीत आहे, सुरुवातीला वनखात्याची पावती घ्यावी लागते. ती जपून ठेवा, वर पुन्हा विचारतात.

लोकांचे हाल होतात ते फरसबंदीवर. चढ एकसारखा असल्याने जाताना दमच लागतो. उतरताना मात्र गुळगुळीत झालेल्या दगडांवरून, त्यात लीद आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी, पाय सटकतो. स्पोर्ट्स शूजचा तळ झिजलेला असेल तर ते घरीच ठेवा. खोल खाचांचा रबरी तळ हवा, आणि गुडघे कुरकुरणाऱ्यांनी एक काठी चोपत्यातून भाड्याने घ्यावी. एप्रिल-मेच्या सुरुवातीला वरच्या वळणांवर बर्फाचे पट्टे शिल्लक असतात. त्यावर सकाळी काच होते, नऊनंतर मऊ पडते. अशा दिवसांत अर्धा तास उशिराच निघालेले चांगले.

खेचरे चोपत्यात मिळतात आणि देवळाच्या जवळपर्यंत जातात. भाव बोलताना जाणे-येणे दोन्ही धरून, वर किती वेळ थांबणार ते सांगून ठरवावा, नाहीतर परतीचे पैसे वर गेल्यावर नव्याने निघतात. बसण्याआधी जनावराकडे एकदा नीट बघा: पाठीवर खोगिराखाली जखम, लंगडणारा पाय, झिजलेला नाल. असे असेल तर दुसरे मागा. त्यात दया आहे आणि तुमची हाडेही आहेत. चढताना पुढे झुकायचे, उतरताना मागे रेलायचे, रिकिबीत पायाचा चवडाच ठेवायचा. गुडघे ठीक असतील तर उतरणीला पायीच यावे, कारण घसरड्या दगडांवर जनावरही घसरते. आणि चालणाऱ्यांसाठी: खेचर आले की नेहमी डोंगराच्या बाजूला सरकायचे, दरीच्या बाजूला कधीच नाही. ही जनावरे सवयीने कडेने चालतात आणि ओझ्याच्या धक्क्याचा त्यांना अंदाज नसतो.

उंचीबद्दल थोडे. ३,६८० मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. जोरात चालून थांबण्यापेक्षा न थांबता हळू चालावे, बोलता येईल एवढाच वेग. आदल्या रात्री दारू नको, झोपेची गोळी नको. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे डॉक्टरांना घरूनच विचारून निघावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे विशेषकरून विचारावे. डोके ठणकते आहे, उलटी होते आहे, पाय लटपटत आहेत अशी लक्षणे दिसली की ‘आता थोडेच राहिले’ हे वाक्य कोणीही उच्चारू नये. त्यावर उपाय एकच, खाली उतरणे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी उखीमठलाच ओंकारेश्वर करावा.

गाभारा लहान, एका वेळी मोजकीच माणसे आत मावतात. आत फोटो काढू नयेत. संकल्प सांगताना दक्षिणेचा आकडा आधीच स्पष्ट बोलावा, म्हणजे नंतर अवघडलेपण नाही. ठरलेल्या पूजांसाठी मंदिर समितीची पावती वेगळी. बूट काढल्यावर अंगणातला दगड अक्षरशः चावतो, त्यामुळे लोकरीच्या मोज्यांचा एक कोरडा जोड खिशात हवा. देऊळ किंचित कललेले वाटले तर तो तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाहणीत मुख्य देवळाला पाच-सहा अंशांचा आणि आवारातल्या लहान बांधकामांना त्याहून जास्त कल आढळला आहे. म्हणूनच भिंतींना टेकून फोटो काढणाऱ्यांना पुजारी हटकतात ते योग्यच.

चंद्रशिला हे शिखर आणखी दीड किलोमीटर वर, साधारण ४,००० मीटर. तिथे फरसबंदी नाही, खेचरही नाही, शेवटचा टप्पा उभा. दहाच्या आत तुंगनाथहून निघता येत असेल आणि आकाश स्वच्छ असेल तरच जावे. वर ढगात उभे राहून येण्यात काही मिळत नाही. खास चंद्रशिलेच्या सूर्योदयासाठी यायचे असेल तर चोपता किंवा दुगलबिट्ट्याला राहणे भाग आहे. पण चोपत्यात विजेचा भरवसा नाही, मोबाइलला रेंज जेमतेम, गाद्या ओलसर, आणि रात्रीची थंडी मे महिन्यातही बोचते. दर्शनासाठी येणाऱ्यांनी उखीमठच धरावे.

हिवाळ्यात बर्फ बघायला येणाऱ्या ट्रेकर मंडळींसाठी एक सूचना: नोव्हेंबर ते एप्रिलअखेर देऊळ बंद असते. ट्रेकच्या जाहिरातीत ‘तुंगनाथ दर्शन’ असे छापलेले असले तरी डिसेंबरात दर्शन बंद दाराचेच होते. कपाट उघडण्याची तारीख बैसाखीला ठरते. ती बघून मगच तिकीट काढावे.

चोपत्यातल्या टपऱ्यांवर मॅगी, पराठा, राजमा-भात एवढेच मिळते. राजमा चांगला असतो. स्वच्छतागृहे मोजकी, त्यातही पाणी नसण्याची शक्यता धरून चालावे. बायकांनी उखीमठहून निघतानाच आवरून घ्यावे, आणि कागदी रुमाल, पिशवी बरोबर ठेवावी. कचरा परत आणण्यासाठी वेगळी पिशवी.

त्रियुगीनारायण, कालीमठ, गुप्तकाशी

चौथ्या दिवशी चालणे जवळपास नाही, सगळी कसोटी वेळेची. त्रियुगीनारायण उखीमठपासून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे, पण सोनप्रयागपर्यंतचा रस्ता केदारनाथच्याच वाहतुकीचा. मे-जूनमध्ये गुप्तकाशी, फाटा, सीतापूर या टप्प्यात गाड्यांच्या रांगा लागतात आणि अडीच तासांचे पाच तास होतात. सकाळी सहाच्या आत निघावे आणि आधी त्रियुगीनारायण, परतताना गुप्तकाशी व कालीमठ. उलटे केले तर त्रियुगीनारायण राहूनच जाते. नाक्यावर पोलिसांनी अडवले तर ‘केदारनाथ नाही, त्रियुगीनारायण’ हे स्पष्ट सांगावे. सोनप्रयागहून त्याचा रस्ता वेगळा फुटतो, बारा किलोमीटर, अरुंद आणि चढाचा.

देऊळ विष्णूचे, बांधणी केदारनाथच्या धाटणीची. शिव-पार्वतीचे लग्न इथे लागले आणि त्या वेळचा होम अजून धगधगतो आहे, ही श्रद्धा. सभामंडपात चौकोनी कुंडात ओंडके सावकाश जळत असतात. छत आणि तुळया काजळीने काळ्याकुट्ट, डोळे दोन मिनिटांत चुरचुरू लागतात. बाहेरच्या दुकानात समिधेचे लाकूड मिळते, ते धुनीत ठेवायचे आणि पुजारी कागदाच्या पुडीत राख देतात. ती पुडी बंद डबीत ठेवा, नाहीतर सगळ्या बॅगेला अंगारा लागतो. आवारात ब्रह्म, विष्णू, रुद्र आणि सरस्वती अशी चार कुंडे आहेत. दम्याच्या रुग्णांनी मंडपात फार वेळ थांबू नये. अलीकडे इथे लग्न लावायला बाहेरगावची जोडपी येऊ लागली आहेत. मुहूर्ताच्या दिवशी ढोल, ड्रोन आणि फोटोग्राफर यांची इतकी गर्दी होते की धुनीजवळ उभे राहायला जागा मिळत नाही. गावातल्या हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करून मुहूर्त आहे का विचारावे, एवढे साधे आहे.

गुप्तकाशीचे विश्वनाथ मंदिर रस्त्यावरून थोडे वर चढून. मणिकर्णिका कुंडात दोन धारा पडतात, त्यांना गंगा आणि यमुना म्हणतात. अर्धा तास. कालीमठ तिथून दहा-बारा किलोमीटर आत, सरस्वती नदीकाठी. इथे गाभाऱ्यात मूर्ती नाही. चांदीच्या पत्र्याने झाकलेले कुंड आहे आणि पूजा त्याचीच होते. मूर्ती कुठे आहे म्हणून शोधत लोक गोंधळतात. दुपारी चारनंतर हा रस्ता टाळावा.

हंगाम आणि बाकीचे

मेचे पहिले दोन आठवडे बुरांसाची फुले आणि बर्फ दोन्ही देतात, पण त्याच वेळी केदारनाथची गर्दी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा सगळ्यात चांगला काळ: आकाश धुतलेले, गर्दी ओसरलेली, थंडी सोसण्यासारखी. दिवाळीची सुट्टी उशिरा पडत असेल तर कपाट बंद होण्याची तारीख आधी तपासावी. जुलै-ऑगस्ट नकोच. रस्ता रुंदीकरणासाठी कापलेले उतार अजून बसलेले नाहीत आणि पावसात दगड सुटे होऊन खाली येतात. जंगलाच्या पट्ट्यात जळवाही असतात.

चारधामसाठी लागणारी सरकारी नोंदणी या तीन देवळांना लागत नाही, पण ओळखपत्र मूळ प्रतीसह बरोबर असावे. रोख रक्कम शंभर-दोनशेच्या नोटांत. यूपीआय चालते तिथे चालते, रेंज गेली की टपरीवाला आणि आपण एकमेकांकडे बघत बसतो. सगळीकडे शाकाहारी जेवण मिळते, कांदा-लसूण नको असेल तर सांगावे लागते. पांढऱ्या तांदळासारखी दिसणारी झंगोऱ्याची खीर मिळाली तर सोडू नका, ती आपल्या वरीच्या जवळची आहे.

पाचव्या दिवशी उखीमठ पहाटे पाचला सोडावे. रुद्रप्रयाग आणि श्रीनगरच्या मध्ये सिरोबगड हा दरड कोसळण्याचा जुना टप्पा आहे, पाऊस झाला असेल तर तिथे तासन्‌तास जातात. तो पार झाला की श्रीनगरच्या अलीकडे धारीदेवी. अलकनंदेच्या पात्रात खांबांवर उभारलेल्या देवळात देवीच्या वरच्या अर्ध्या भागाची पूजा होते, खालचा भाग कालीमठला असल्याचे सांगतात, म्हणजे आदल्या दिवशीच्या दर्शनाची जोड इथे पुरी होते. रस्त्यावरून खाली उतरून पुलाने जायचे, येऊन-जाऊन पाऊण तास. रविवारी स्थानिकांची गर्दी दुप्पट. एवढे करून ऋषिकेश दुपारी दोन-तीनला येते, तरीही हरिद्वारची गाडी रात्री नऊच्या आधीची घेऊ नये. विमान असेल तर दुसऱ्या दिवशीचेच.